दोन पानांत विद्यापीठ

रायपूरच्या आमच्या विद्यापीठाचा परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या अक्षरामुळे. प्रयोगशाळेतल्या मशीनांवरच्या पाट्या मी हाताने हिंदीत लिहिल्या होत्या आणि कुलसचिवांनी एकदा त्या उभ्या उभ्या वाचल्या होत्या. हिवाळ्यात बाहेरून तपासणी समिती येणार होती. तिच्या हातात द्यायच्या पुस्तिकेत सुरुवातीला दोन पानं हवी होती. विद्यापीठ काय आहे, किती पसरलंय, काय काय करतं, एवढंच. "ज़्यादा सजाना मत," कुलसचिव म्हणाले, "पढ़कर समझ में आना चाहिए, बस."

मी सिव्हिल विभागाच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये तांत्रिक सहायक आहे. सिमेंट, गिट्टी, सळया, विटा, काँक्रीट तपासणं हे आमचं काम. सकाळी विद्यार्थ्यांची प्रॅक्टिकलं आणि दुपारी बाहेरून आलेले नमुने. कुठल्या तरी गावच्या शाळेची इमारत, कुठल्या तरी नाल्यावरचा पूल, असं सगळं ठोकळ्यांच्या रूपात आमच्या दारात येतं. मी स्वतः इथली विद्यार्थिनी नाही. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि जाहिरात पाहून अर्ज टाकला. लागले तेव्हा लग्न व्हायचं होतं, आता मुलगी दहावीला आहे. इतक्या वर्षांत मी गेट, आमचा विभाग, कॅन्टीन आणि बसथांबा यांपलीकडे विद्यापीठ धड पाहिलंच नव्हतं, हे मला परिचय लिहायला बसल्यावर कळलं.

म्हणून मी दुपारी एकेका विभागात जायला लागले. सोबत एक वही. प्रयोगशाळा तेवढा वेळ आमचे कका सांभाळायचे.

कका म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. छत्तीसगढीत काकाला कका म्हणतात, आणि सगळा विभाग त्यांना तसंच हाक मारतो. विद्यापीठ वाढलं तेव्हा ज्या शेतकऱ्यांची जमीन गेली त्यांत त्यांचं कुटुंब होतं आणि त्याबदल्यात त्यांना नोकरी मिळाली. आज जिथं क्रिकेटचं मैदान आहे तिथं त्यांचं धानाचं शेत होतं. हे ते तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. मैदानाकडे बोट दाखवून सांगतात, "उहाँ पानी जादा रुकथे," तिथं पाणी जास्त साचतं. आणि खरंच, पावसाळ्यात मैदानाच्या त्याच कोपऱ्यात पाणी साचतं. बांधकाम शाखेचे इंजिनियर दर वर्षी त्यावर काहीतरी उपाय करतात.

आधी मी खाणकाम विभागात गेले. तिथं तळघरात खरा वाटावा असा बोगदा आहे, लाकडी टेकू, रूळ, छोटी गाडी, सगळं. तिथल्या प्राध्यापकांनी सांगितलं की कोरब्याकडच्या मुलांना हा बोगदा पाहून हसू येतं, कारण त्यांचे वडील खऱ्या खाणीत जातात. मग विद्युत विभाग. तिथल्या उंच हॉलमध्ये मला जाळीमागे उभं केलं आणि विजेच्या खांबावर असतो तसा चिनी मातीचा इन्सुलेटर कितपत टिकतो ते दाखवलं. निळसर ठिणगी कडाडली तशी माझ्या हातातली वही पडली. तिथला सहायक हसला. रोज कुणी ना कुणी असंच दचकताना त्याला बघायला मिळत असणार.

पर्यावरणाच्या प्रयोगशाळेत शहरातल्या छपरांवर ठेवलेल्या यंत्रांतले गोल कागद होते. हवेतली धूळ त्यांवर बसते. प्रत्येक कागदाच्या पाकिटावर वस्तीचं नाव. चौबे कॉलनीचा कागद करडा होता, तात्यापाऱ्याचा जरा गडद. गुढियारीचा पाहिला तर तव्यासारखा. गुढियारीत माझं माहेर आहे. लग्नानंतरही मी त्याच वस्तीत राहते, आईवडिलांपासून दोन गल्ल्यांवर. मी तो कागद बराच वेळ हातात धरून होते. तिथल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, हाथ लग जाएगा." मी परत दिला.

संगणकाची इमारत सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत भरलेली. चपला बाहेर काढाव्या लागतात. दाराशी चपलांचा एवढा ढीग होता की विद्यार्थी किती ते विचारायची गरजच पडली नाही. वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाची मुलं कानशीने लोखंड घासत होती. बहुतेकांना संगणकावर बसायचं होतं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. ग्रंथालयात ग्रंथपाल म्हणाले की सगळ्यांत जास्त फाटलेलं पुस्तक इंग्रजी-हिंदी शब्दकोश आहे. दर दोन वर्षांनी नवा घ्यावा लागतो. हे मला परिचयात लिहायचं होतं. कुलसचिवांनी नंतर खोडलं.

मुलींच्या जुन्या वसतिगृहातही गेले. दोघींच्या खोलीत तिघी राहत होत्या. तिसरी खाट दोन खाटांच्या मधे, त्यामुळे दार पूर्ण उघडत नव्हतं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "अब थोड़े दिन की बात है। नया बन रहा है ना।"

नवीन वसतिगृह आमच्या लॅबच्या खिडकीतून दिसायचं. पायाचं काम झालं होतं, तळमजल्याचे कॉलम उभे राहत होते. ठेकेदार बाहेरचा होता, पण साइटवरची इंजिनियर आमची होती. आमची म्हणजे दोन्ही अर्थांनी. चार वर्षं ती आमच्या विभागात शिकली, माझ्याच हाताखाली तिने सिमेंटची प्रॅक्टिकलं केली. आणि ती गुढियारीची. तिचे वडील आणि माझे वडील दोघं नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आलेले. पौर्णिमेला विहारात दोघींच्या आया शेजारी बसतात. मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. आमच्याकडच्या पोट्ट्यांचं असंच आहे. कळतं सगळं, बोलत नाहीत.

तिला ही नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन ती आधी लॅबमध्ये आली होती. "दीदी, अपनी ही यूनिवर्सिटी का हॉस्टल बना रही हूँ," म्हणाली. तीही चार वर्षं त्या तिसऱ्या खाटेवर झोपली होती. घर गावातच, पण कॉलेजपासून दूर, आणि सकाळच्या लॅबसाठी तिने वसतिगृह घेतलं होतं.

आता क्यूबचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. कॉलम भरताना त्याच काँक्रीटचे काही ठोकळे साच्यात भरून ठेवतात. सहा इंच लांब, सहा इंच रुंद, सहा इंच उंच. ते साइटवरच पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे. काही ठोकळे सात दिवसांनी आणि बाकीचे अठ्ठावीस दिवसांनी आमच्या मशीनखाली फोडायचे. किती दाबाला फुटतो त्यावरून कॉलम किती पक्का ते कळतं. चांगला क्यूब फुटताना मोठा आवाज होतो. कच्चा नुसता कुरकुरत बसकण मारतो. कका मशीनकडे पाठ करूनही सांगू शकतात.

तळमजल्याच्या कॉलमचे सात दिवसांचे क्यूब कच्चे निघाले. आवाजच नाही. आमच्या लॅबचे प्रमुख, ज्यांना आम्ही नुसतं सर म्हणतो, त्यांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "अठ्ठाईस दिन का देखेंगे।" कधी कधी मागून ताकद वाढते. मीही तेच मानलं.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी खाणकाम विभागात दुसऱ्यांदा गेले होते, कारण पहिल्या भेटीत काही आकडे राहिले होते. परत आले तर ककांनी साइटवरून आलेले क्यूब फोडून रजिस्टरमध्ये आकडे लिहिले होते. उत्तम आकडे. पाहिजे त्यापेक्षाही बरेच वर. मला बरं वाटलं. मी रिपोर्टचा कागद घेतला, आकडे उतरवले, सही करायची तेवढी राहिली. खरं सांगायचं तर माझं सगळं ध्यान त्या परिचयात होतं. चौथ्या परिच्छेदात विभागांचा क्रम कसा लावावा हे डोक्यात चाललं होतं.

कका टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात फुटलेल्या क्यूबचा एक तुकडा.

"दीदी, ए गिट्टी उहाँ के नोहे."

ही गिट्टी, म्हणजे खडी, त्या साइटवरची नाही, असं ते म्हणत होते. मी तुकडा घेतला. आत लालसर दगडाचे कण चमकत होते. कका बाहेर गेले आणि लॅबच्या मागच्या ढिगातून सात दिवसांच्या क्यूबचा तुकडा शोधून आणला. तोच कॉलम, तीच तारीख. त्यात करडी, मऊ गिट्टी, आमच्या रायपूरच्या आजूबाजूला मिळते तशी. दोन्ही तुकडे टेबलावर शेजारी ठेवले. हे काही शिकायला लागत नाही. कुणालाही दिसलं असतं.

"अउ नाव घलो नइ लिखे हे," वर नावही लिहिलेलं नाही, कका म्हणाले. ती इंजिनियर पोरगी ओल्या काँक्रीटवर खिळ्याने कॉलमचा नंबर आणि तारीख कोरायची. सात दिवसांच्या क्यूबवर तिचं ते बारीक अक्षर होतं. या क्यूबवर फक्त रंगाने नंबर, आणि रंग अजून बोटाला लागत होता.

क्यूब बदलले होते. दुसऱ्या कुठल्या तरी चांगल्या कामावरचे आणून दिले होते. आणि मी त्याच्यावर सही करणार होते.

मी तिला फोन केला. ती जेवणाच्या सुट्टीत आली. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात डबा, उघडलेला नाही. मी दोन्ही तुकडे तिच्यासमोर ठेवले. ती पाहत राहिली, मग खुर्चीवर बसली.

"तुले माहीत होतं का?" मी विचारलं.

"दीदी, मैंने नहीं बदले।"

"ते नाही विचारून राहिली मी. माहीत होतं का?"

तिने हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "सुपरवाइज़र ने बोला, सात दिन वाले फेल हुए हैं तो ये भी होंगे। कंपनी की दूसरी साइट से मँगवा लिए। मुझे बोला, तुम बस दस्तख़त करो, लैब में तो सब अपने ही लोग हैं।"

"अपने लोग म्हणजे मी?"

तिने मान खाली घातली.

"आणि खरे क्यूब?"

"टंकी में ही हैं। शायद कल तोड़ देंगे।" मग एकदम वर पाहून म्हणाली, "दीदी, पहली नौकरी है। पापा रिटायर हो गए हैं। आप रिपोर्ट रोक दो दो दिन, मैं कुछ करती हूँ।"

"काय करशील?"

तिला माहीत नव्हतं. डबा तसाच घेऊन ती गेली. मी तो रिपोर्ट फाडला नाही, सहीही केली नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला. सर त्या दिवशी बिलासपूरला गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. फोन करता आला असता. मी केला नाही. एक दिवस मी गप्प बसले, हे लिहायला हवं. मला तिची आई दिसत होती, विहारात माझ्या आईच्या शेजारी बसलेली.

संध्याकाळी बसमधून उतरून घरी न जाता बाबांकडे गेले. ते ओट्यावर चहा पीत बसले होते. बाबा रेल्वेत डबे तपासायचे. मालगाडी यार्डात आली की हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोकत जायचे, आणि डब्यात दोष दिसला की त्यावर 'सिक' असं लिहायचे. असा आजारी डबा गाडीतून कापून बाजूला काढावा लागतो. गाडी थांबते, सगळे चिडतात.

"काहून तोंड पाडून बसली?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. नाव नाही घेतलं, पण त्यांना कळलं. गुढियारीत अशी दुसरी इंजिनियर पोट्टी नाही.

त्यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "मी डबा सिक लिहिला का यार्डातला साहेब बोंबले. दर खेपेले. म्हणे, गाडी लेट होऊन राहिली तुझ्यापायी. मी म्हणो, होऊ दे. अर्ध्या तासानं तो आपला दुसऱ्या कोणावर बोंबलत राहे."

"तुमच्या डब्यात तुमच्या दोस्ताची पोरगी नव्हती बसली," मी म्हणाले.

"बसली असती तर काय केलं असतं, सांग."

आईने आतून विचारलं, जेवून जाते का. मी जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी लॅब उघडायच्या आधीच ती दारात उभी होती. स्कूटीच्या पायठेवणीवर सिमेंटचं जुनं पोतं, आणि पोत्यात तीन क्यूब. एकेक क्यूब आठ किलोचा असतो. ती साइटवर सगळ्यांच्या आधी गेली, टाकीत हात घालून काढले, एकेक करून स्कूटीवर ठेवले आणि पाय दोन्ही बाजूंना बाहेर लोंबत ठेवून गाडी चालवत आली. सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. कोपराला खरचटलं होतं.

"बाकी नहीं ला पाई," ती म्हणाली.

"तीन पुरतात," मी म्हणाले.

कका क्यूब उचलून आत घेऊन गेले आणि पंख्याखाली पुसून ठेवले. एकेकावर खिळ्याने कोरलेलं तिचं अक्षर होतं. सर दहाला आले. मी त्यांना ड्रॉवरमधला बिनसहीचा रिपोर्ट दिला, दोन तुकडे दाखवले, काल मी काय केलं नाही तेही सांगितलं. सर रागावले नाहीत. म्हणाले, "चलिए, तोड़ते हैं।" आणि तिला म्हणाले, "तुम भी रुको। तुम्हारे सामने टूटेगा।"

पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला. सुई चढायला लागली. जिथवर जायला हवी त्याच्या अर्ध्याच्या जरा पुढे गेली आणि थांबली. कुरकुर झाली. ठोकळ्याच्या कडेने भेग पडली आणि करड्या गिट्टीचा भुगा खाली सांडला. दुसरा तसाच. तिसरा त्याहून वाईट. ककांनी झाडू घेतला.

सरांनी तिला एक कोरा कागद दिला. "जो हुआ, अपने हाथ से लिखो। जो नहीं जानती, वो मत लिखना।" तिने तिथंच बसून लिहिलं. दोनदा थांबली. सुपरवायझरचं नाव लिहिताना तिचा हात थांबला तेव्हा मी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेले. परत आले तेव्हा सही झाली होती. बदललेल्या क्यूबचा रिपोर्ट आणि खऱ्या क्यूबचा रिपोर्ट, दोन्हीवर मी सही केली, सरांनी केली. शेऱ्याच्या जागी सरांनी गिट्टीचा फरक दोन ओळींत लिहिला.

त्यानंतरचे काही आठवडे आमच्या लॅबमध्ये रोज कोणी ना कोणी येत होतं. बांधकाम शाखेचे इंजिनियर आधी चिडून आले, मग कॉलममध्ये मशीनने भोक पाडून आतला गाभा काढायला स्वतः उभे राहिले. तो गाभा, गोल दांडक्यासारखा, आमच्याकडेच तपासला. तोही कच्चा. ठेकेदाराचा एक माणूस येऊन सरांच्या खोलीत तासभर बसला. सरांनी दार उघडंच ठेवलं होतं. शेवटी विद्यापीठाने तळमजल्याचे कॉलम पाडायला सांगितले. ठेकेदाराला ते आपल्या खर्चाने पुन्हा उभारावे लागणार होते. आमच्या खिडकीतून दिवसभर काँक्रीट फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज यायचा. प्रॅक्टिकल घेताना मला ओरडून बोलावं लागायचं.

कुलसचिवांनी बोलावलं. परिचयाच्या मसुद्यात मी लिहिलं होतं की नव्या सत्रापासून मुलींचं नवीन वसतिगृह सुरू होईल. त्यांनी ते वाक्य पेनाने गोल केलं होतं.

"अब क्या लिखेंगी?"

"निर्माणाधीन," मी म्हणाले.

"इतना ही?"

"इतना ही."

त्यांनी ते वाक्य स्वतः बदललं. समिती आली, दोन दिवस फिरली, आमच्या लॅबमध्ये पंधरा मिनिटं थांबली. त्यांच्यातल्या एका बाईंनी मशीनवरची पाटी वाचली आणि विचारलं, ही कुणी लिहिली. मी सांगितलं. पाडलेल्या कॉलमबद्दल त्यांनी काही विचारलं नाही, पण जाताना खिडकीपाशी थांबून बाहेर पाहिलं.

मुलींना मात्र राग आला. स्वाभाविक होतं. सहा-सातजणी एके दुपारी लॅबमध्ये आल्या. पुढं होती ती बिहारची, शेवटच्या वर्षाची.

"मॅडम, हमने सुना आप लोगों ने हॉस्टल रुकवा दिया।"

"कॉलम कच्चे थे," मी म्हणाले.

"तो हम तो पास होकर चले जाएँगे, हमें तो मिला ही नहीं ना।"

खरंच, तिला ते वसतिगृह कधीच मिळणार नव्हतं. मी ढिगातला एक करडा तुकडा तिच्या हातात दिला. "अंगूठे से रगड़ो," म्हणाले. तिने अंगठ्याने घासलं. वाळू निघाली, तिच्या ओढणीवर सांडली. तिने पुन्हा घासलं. बाकीच्या मुली वाकून पाहायला लागल्या. मग त्यांतल्या एकीने, दुसऱ्या वर्षाच्या सिव्हिलच्या, मला विचारलं की याच्यात सिमेंट कमी होतं की पाणी जास्त. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. बिहारची मुलगी मधेच निघून गेली. तिचा राग गेला असं मला वाटत नाही.

ती इंजिनियर पोरगी तर, तिने लिहून दिलं त्याच आठवड्यात नोकरीवरून गेली. काढलं म्हणायला कागद नव्हता. साइटच्या गेटवरच्या चौकीदाराने तिला आत सोडलं नाही, एवढंच. पुढच्या पौर्णिमेला तिची आई विहारात दुसऱ्या रांगेत बसली. माझी आई घरी येऊन म्हणाली, "तिनं माह्याकडं पाह्यलं पण नाही." मी आईला सगळं सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. आई म्हणाली, "मग मीच जातो तिच्या घरी." आणि गेली, एकटीच. दीड तास बसून आली. काय बोलणं झालं ते तिने मला सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "पोट्टी वजनानं कमी झाली."

सातआठ महिने ती घरी होती. शेजारच्या मुलांना गणित शिकवायची. सरांनी तिला चांगलं शिफारसपत्र दिलं, पण पहिल्या मुलाखतीत, आधीची नोकरी का सोडली हे तिने खरं सांगितलं, आणि तिथं घेतलं नाही. दुसऱ्या ठिकाणीही नाही. मला हे तिच्या आईकडून आईला आणि आईकडून मला असं कळायचं. मी दोनदा फोन केला. ती नीट बोलली, थोडक्यात बोलली. तिसऱ्यांदा करायचं मला धाडस झालं नाही. एक दिवस परिचयाची छापलेली पुस्तिका माझ्या टेबलावर आली, चांगल्या जाड कागदावर. मी पहिलं पान वाचलं. खाणकाम, विद्युत, संगणक, वर्कशॉप, सगळं क्रमाने होतं. चुकीचं काही नव्हतं. मी ती कपाटात ठेवली.

तिला मग महासमुंदच्या बाजूला एका कामावर घेतलं. सिंचनाचं काम आहे, आणि नोकरी ठेकेदाराकडे नाही, तपासणीसाठी नेमलेल्या वेगळ्या संस्थेकडे. तिथल्या साहेबांनी मुलाखतीत तिला तीच गोष्ट दोनदा सांगायला लावली आणि मग विचारलं, तीन क्यूब स्कूटीवर कसे बसले. हे तिने स्वतः मला सांगितलं, वर्षभराने, जेव्हा ती काही कामाने विभागात आली. सांगताना जरा हसलीही.

वसतिगृह मागच्या वर्षी सुरू झालं. एक सत्र उशिरा म्हटलं होतं, दोन लागले. नव्या कॉलमचे क्यूब मी स्वतः उभी राहून फोडले, प्रत्येक. परिचय-बिरिचय काही असलं तरी त्या दिवशी कुठं गेले नाही. कका आता निवृत्त झालेत. त्यांच्या जागी आलेला माणूस व्यवस्थित आहे, पण तुकडा हातात घेऊन पाहत नाही. मी त्याला पाहायला लावते. उद्घाटनाला मुली रिबिनीच्या मागे उभ्या होत्या आणि फोटो काढत होत्या. त्यांतल्या कुणालाही कॉलमची गोष्ट माहीत नसणार. पहिल्या आठवड्यातच तक्रार आली, तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. ती आमच्या विभागाची नाही, पण वॉर्डनबाईंनी मलाच फोन केला.

ती पोरगी मला आता दीदी म्हणत नाही. मॅडम म्हणते. मी एकदा म्हणाले, "काहून गं, मॅडम काय लावलं?" तर म्हणाली, "आदत हो गई, साइट पे सबको यही बोलते हैं।" असेल तसंही. परवा पुन्हा विभागात आली ती एम.टेक.ची चौकशी करायला, नोकरी करून करता येतं तसं. मी तिला कोणत्या खिडकीवर अर्ज मिळतो, कोणते कागद लागतात ते सांगितलं. कामाच्या अनुभवाचा दाखला लागतो. पहिल्या कंपनीचा तिच्याकडे नाही. "जो है वही लगाऊँगी," ती म्हणाली आणि कागद फाइलमध्ये घालून निघाली. अर्जाची मुदत या महिन्याच्या शेवटपर्यंत आहे. तिने भरला की नाही ते मी अजून विचारलेलं नाही.